मदत हवी आहे: आईच्या हातांचं घरीच मॅनिक्युअर, पण नखुरडं होऊ न देता

नमस्कार. येत्या २१ तारखेला भावाचं लग्न आहे. आई डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. २२ वर्षं झाली, पहाटे साडेचारपासून तिचे हात कणकेत, पाण्यात नाहीतर भांड्यांच्या साबणात. नखांच्या कडा चिरल्यात, मुळाशी कातडी सुटून वर आलीये आणि उजव्या अंगठ्याचं नख जाड, पिवळट झालंय. सध्या केळवणं चालू आहेत. कुणी फोटो काढायला लागलं की ती हात पदराखाली घेते. मला ते बघवत नाही.

दिवाळीत तिला हट्टाने एका पार्लरमध्ये नेलं होतं. तिथे नखांच्या मुळाची कातडी कापून काढली. तिसऱ्या दिवशी मधल्या बोटाला नखुरडं झालं. रात्रभर बोट ठणकत होतं, शेवटी डॉक्टरांनी पू काढला आणि गोळ्या दिल्या. तिला ९ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे जखम भरायला तीन आठवडे गेले. आता ती पार्लरचं नाव काढू देत नाही. "करायचंच असेल तर तू कर," म्हणाली.

घरात जुनं नेलकटर, खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली आणि मऊ टूथब्रश आहे. हात पाण्यात किती वेळ ठेवू? ती वर आलेली कातडी न कापता नीट कशी दिसेल? मैत्रीण म्हणते लिंबाच्या फोडीवर खायचा सोडा घेऊन चोळ, ते करू का? मेंदी १९ ला आहे, तर हे सगळं मेंदीच्या आधी की नंतर? आणि नेलपेंट लावावं की नाही? लग्न झालं की दोन दिवसांत ती पुन्हा कणीक मळायला लागणार.

प्रतिसाद १
ताई, मी ब्युटिशियन आहे. मुळाशी असलेली ती पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, नख आणि त्वचा यांच्यामधली फट बंद ठेवते. ती कापली की जंतूंना वाट मोकळी. साखर असलेल्या माणसाच्या हाताला तर ती कापूच नये.

नखं कोरडी असतानाच कापा आणि घासा. भिजलेलं नख मऊ पडतं, घासताना त्याचे पापुद्रे सुटतात. नेलकटरला असते ती धातूची कानस वापरू नका, खरखरीत असते. पुठ्ठ्याचा एमरी बोर्ड आणा आणि कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने फिरवा. करवतीसारखं पुढेमागे केलं की चिरलेली नखं आणखी चिरतात. कोपरे आतपर्यंत खणू नका.

मग कोमट पाण्यात थेंबभर शॅम्पू घालून पाच मिनिटं हात बुडवा, जास्त नको. पाणी तुमच्या कोपराने तपासा. मधुमेहात बोटांची जाणीव कमी झालेली असू शकते, आईला चटका कळणार नाही. टूथब्रशने नखाखालून हलकेच साफ करा. हात टिपून घ्या आणि पंचाचं टोक बोटावर गुंडाळून क्युटिकल हळूच मागे सारा. जिथे अडेल तिथे थांबा. लोंबणारा सुटा तुकडा असेल तर तेवढाच स्वच्छ कात्रीने कापा, ओढू नका. कात्री आणि नेलकटर आधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसून घ्या.

लिंबू-सोडा अजिबात नको. चिरलेल्या त्वचेवर लिंबू झोंबेल, आणि लिंबाचा रस लागलेले हात उन्हात गेले तर काळे डाग किंवा फोड येऊ शकतात. खरखरीतपणासाठी चमचाभर बारीक साखर तेलात कालवा आणि तळव्यावर फिरवा, चिरा सोडून.

त्या अंगठ्याचं मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाड आणि पिवळं नख बुरशीमुळेही होतं. तो अंगठा सगळ्यात शेवटी घासा, वेगळ्या बोर्डने, आणि तो बोर्ड टाकून द्या.

प्रतिसाद २
मेंदीचं मी सांगते, मी हौसेने काढते. मॅनिक्युअर १८ च्या संध्याकाळी उरका. मेंदीनंतर हात भिजवले, साखरेने चोळले तर रंग लवकर उतरतो. पण १९ ला सकाळपासून हाताला तेल, क्रीम काही लावू नका. तेलकट त्वचेवर मेंदी चढत नाही. साबणाने हात धुऊन कोरडे करूनच बसवा. नखांवर मेंदी गेली तर तो रंग नख वाढेपर्यंत राहतो, नको असेल तर मेंदीवालीला आधीच सांगा.

प्रतिसाद ३
१८ पर्यंत थांबू नका, आजच रात्रीपासून झोपताना नखांच्या मुळाशी तेल जिरवा, वर पेट्रोलियम जेली. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे लग्नापर्यंत नवीन नख येणार नाही, पण कातडी नक्की मऊ पडेल. भांडी घासताना रबरी हातमोजे.
नेलपेंट लग्नापुरतं जरूर लावा, पण अंगठा डॉक्टरांनी बघितल्यावरच. आधी बेस कोट, म्हणजे रंगाखाली लावायचा पारदर्शक थर, मग नेलपेंटचे दोन पातळ थर. कणकेत हात जायच्या आदल्या रात्री काढून टाका, टवके पिठात जायला नकोत. रिमूव्हर शेगडीपासून लांब उघडा, पेट घेतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी अंगठ्याचं नख तपासायला पाठवलंय, तोवर त्या बोटाला काही लावायचं नाही म्हणाले. बाकी नऊ बोटांचं रविवारी दुपारी, केंद्र बंद झाल्यावर केलं. अर्धा तास लागला. मधल्या बोटाजवळ गेले की ती हात मागे घ्यायची, म्हणून ते बोट नुसतं पुसलं आणि तेल लावलं. कातडी कापायची गरजच पडली नाही, पंचाने बरीचशी मागे गेली. पाचव्या रात्री तेलाची वाटी तिने स्वतःच मागितली. १८ ला परत करणार आहे. तोच एमरी बोर्ड धुऊन वापरला तर चालेल का?

प्रतिसाद १
नको, पुठ्ठा धुता येत नाही, ओलावा धरतो. काचेची कानस घ्या, ती साबणाने धुऊन वाळवता येते. आईची वेगळी ठेवा, घरात बाकी कुणी वापरू नका.