मदत हवी आहे : ध्रुवीय ढगांमधला ऋतूंचा फरक खरा किती, उपकरणाचा किती?

आर्क्टिक आणि अंटार्क्टिकावरील ढगांचे प्रमाण प्रदेशानुसार व ऋतूनुसार कसे बदलते, याचा मी उपग्रहांच्या नोंदींवरून अभ्यास करीत आहे. महिनावार सरासरी काढून नकाशे तयार झाले आहेत. परंतु त्यांत दिसणारा हिवाळ्या-उन्हाळ्यातला फरक ढगांचा आहे की ते मोजणाऱ्या उपकरणाचा, याचा उलगडा होत नाही.

अॅक्वा उपग्रहावरील मोडिस हे पृथ्वीवरून येणारा प्रकाश आणि उष्णता टिपणारे उपकरण उन्हाळ्यात निभावून नेते, कारण बर्फ आणि ढग दोन्ही पांढरे असले तरी २.१ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास बर्फ काळपट आणि पाण्याच्या थेंबांचा ढग उजळ दिसतो. ध्रुवीय रात्र सुरू झाली की हाती फक्त औष्णिक अवरक्त पट्टे, म्हणजे उष्णतेच्या नोंदी उरतात. एरवी ढग थंड आणि जमीन उबदार असते. इथे बर्फाचा पृष्ठभागच वरच्या हवेपेक्षा थंड असल्याने तो फरक उलटा होतो किंवा पुसलाच जातो, आणि ढग निसटतात. २०२३ पर्यंत चाललेल्या कॅलिप्सो उपग्रहावरील लायडारचे, म्हणजे लेसर किरणांनी ढग शोधणाऱ्या उपकरणाचे, नेमके याच्या विरुद्ध होते. तो स्वतःचा प्रकाश सोडत असे, म्हणून त्याला रात्र सोयीची. उन्हाळ्यात मात्र बर्फावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या गोंगाटात विरळ ढग हरवत. क्लाउडसॅट उपग्रहाच्या रडारवर माझी भिस्त होती, पण एप्रिल २०११ मधील बॅटरीच्या बिघाडानंतर तो केवळ सूर्यप्रकाशातच मोजमाप करीत असे. शिवाय जमिनीलगतच्या सुमारे एक किलोमीटरमध्ये त्याला नीट दिसत नसे, आणि आर्क्टिक महासागरावरचे कितीतरी ढग तिथेच असतात.

लायडारला दिवसा जेवढे दिसते तेवढेच रात्रीही मोजायचे, असा समान उंबरठा लावावा का? तसे केल्यास पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरील हिमस्फटिकांचे विरळ ढगच गळतील, आणि माझ्या दृष्टीने तिथे पाहण्यासारखे तेच आहेत.

प्रतिसाद :

उंबरठा लावा, पण फक्त ऋतूंच्या तुलनेपुरता. प्रदेशांची तुलना एकाच ऋतूत, शक्यतो रात्रीच्या सर्व नोंदी घेऊन करावी. म्हणजे पठार आणि पश्चिम अंटार्क्टिकाचा किनारा यांना एकच मापदंड लागतो आणि विरळ ढगही राहतात. मात्र पाण्याच्या थेंबांचा दाट ढग लायडारचा किरण अडवतो, त्यामुळे त्याच्या खाली ढग नाहीत असा निष्कर्ष काढू नये.

सूर्यप्रकाशाचा परिणाम किती, हे मोजताही येते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये ७० अंश अक्षांशाच्या आसपास कॅलिप्सोची एक फेरी उजेडात आणि एक अंधारात होत असे. महिना तोच, प्रदेश तोच. तिथे दिवस-रात्रीच्या आकड्यांत जो फरक येईल, त्यातला बराचसा उपकरणाचा धरता येईल. माझ्या मते उंबरठा ठरवण्याआधी हीच पायरी घ्यावी.

आणखी एक. कॅलिप्सोच्या नोंदी ८२ अंशांपलीकडे नाहीत, मोडिसच्या मात्र ध्रुवापर्यंत आहेत. तेव्हा मोडिसचे नकाशेही ८२ अंशांवर कापून घ्या. मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर लायडार आणि रडार एकत्र आहेत, पण त्याचा लायडार ३५५ नॅनोमीटर तरंगलांबीवर चालतो आणि कॅलिप्सोचा ढगांसाठी ५३२ वर चालत असे, म्हणून दोन्ही मालिका थेट जोडू नयेत.

प्रश्नकर्ती :

मार्च-सप्टेंबरची युक्ती पटली. समुद्रावरील बर्फ आणि उघडे पाणी यांसाठी हा फरक वेगवेगळा काढावा लागेल का? दोन्हींवरून परतणारा प्रकाश सारखा नसतो, म्हणून विचारते.