मदत हवी आहे: "तू कुठला?" याचं उत्तर
मुलगा १४ वर्षांचा, जन्म मस्कतचा पण तिथे जन्मून काही नागरिकत्व मिळत नाही त्यामुळे पासपोर्ट भारताचाच, मग ७ वर्षं सिंगापूर आणि जूनपासून पुण्यात. शाळेच्या फॉर्मवर "मूळ गाव" कोरं सोडलं पठ्ठ्याने!! मी सातारा लिहिलं तर म्हणे "बाबा, मी तिथे चारदाच गेलोय." वर्गात तोंडातून "कॅन ला" (सिंगापुरी इंग्रजीत "हो, चालेल") निघालं की पोरं हसतात, आणि सिंगापूरला हाच "इंडियन" होता. मराठी बोलतो बरी पण वाचताना जोडाक्षरांवर अडतो, शाळेत तर विषय सक्तीचा. आजकाल गप्पच असतो. थर्ड कल्चर किड (आईबाबांच्या देशाबाहेर वाढलेलं मूल) वगैरे वाचलंय, लेबल नकोय. कोणाची मुलं अशी परत आलीत का, नेमकं काय केलंत?