भूत दिसलं की भीती संपते का?

बर्डीवाला:
परवा रात्री अडीचला लाइन गेली. कूलर बंद, घर एकदम गप्प. गच्चीवर काहीतरी फरफटायचं, थांबायचं, परत फरफटायचं. मी जिन्यात उभा, हातात मोबाइल, पण टॉर्च लावायची हिंमत होईना. शेवटी लावला. आईने कुरडया वाळत घातलेलं प्लास्टिक! एका कोपऱ्यावरची वीट सरकली होती. भीती जागीच खलास.

म्हणून म्हणतो, भयकथेत टॉर्च लावूच नये. भयकथाकार लव्हक्राफ्टने १९२७च्या निबंधात हेच मांडलंय की अज्ञाताची भीती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जबर. जेकब्सची 'द मंकीज पॉ' (१९०२) घ्या. मेलेला मुलगा आईच्या हट्टापायी परत येतो, दार वाजतं. ती कडी काढेपर्यंत बाप इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाकडे शेवटची इच्छा मागतो. दार उघडतं तर रस्ता रिकामा. काय आलं होतं ते लेखक दाखवतच नाही. आजचे लेखक भुताचे दातसुद्धा मोजून दाखवतात.

निंबोणी:
उदाहरण चुकलं भाऊ. दारामागे काय आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मेला, मरून दहा दिवस झालेत, आणि बापाला तो फक्त कपड्यांवरून ओळखता आला होता. हे बापाने बायकोपासून लपवलेलं असतं, ती मुलाला परत आणायचा हट्ट धरते तेव्हा सांगतो, पण ती ऐकत नाही. दार वाजल्यावर ती 'माझा पोरगा आला' म्हणून धावते आणि बाप जमिनीवर रांगत पंजा शोधतो. आता सांगा, घाबरलंय कोण? ज्याने ते प्रेत पाहिलंय तो. जिने पाहिलं नाही ती खुशीत आहे!

महालचा:
निंबोणीताईंशी सहमत. 'ड्रॅक्युला'त (१८९७) काउंट किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून पालीसारखा उतरतो. हार्कर खिडकीतून बघतोय, सगळं उघड्यावर. तरी काटा येतोच ना?

बर्डीवाला:
येतो, कारण हा काय प्राणी आहे हे हार्करला तेव्हा कळलेलं नाही. पुढे व्हॅन हेलसिंग लसूण, क्रूस, मातीच्या पेट्या असं सगळं समजावतो आणि तिथून कादंबरीची शिकारकथा होते. आपल्या नागपूरच्या मारबतीचा पुतळा बघा. लोकांनी इडापिडेला चेहरा दिला, 'घेऊन जा गे मारबत' ओरडत गावभर फिरवली अन् जाळली. चेहरा होता म्हणून जाळता आली.

महालचा:
मारबतीचं मला नको शिकवू बे. लहानपणी काकाच्या खांद्यावर बसून पिवळी मारबत बघायचो. ती कागदा-बांबूची आहे, संध्याकाळपर्यंत जळणार आहे, सगळं माहीत. तरी ती जवळ आली की काकाच्या केसांत तोंड खुपसायचो. दरवर्षी तीच मारबत, दरवर्षी तसंच.

रातकिडा:
दोघंही अर्धं बोलताय. ब्लॅकवुडची 'द विलोज' (१९०७) वाचा. डॅन्यूब नदीतल्या बेटावर दोघं मुक्कामाला, भोवती नुसती वाळुंजाची झाडं. सकाळी वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. शेवटी वाहत आलेल्या प्रेतावर तसेच खड्डे. कोणी केले ते कळत नाही, पण मापासकट खुणा समोर असतात. या खुणा काढून टाका, मग उरतो फक्त वारा. तो बर्डीवाल्यालासुद्धा पुरणार नाही. त्यालाही प्लास्टिकची फरफट लागली.

निंबोणी:
बर्डीवाले, एक विचारू? प्लास्टिक आहे हे कळलं. मग दुसऱ्या रात्री गच्चीवर गेलात?

बर्डीवाला:
वीट सकाळीच नीट ठेवली ना.

निंबोणी:
मी रात्रीचं विचारलं.

बर्डीवाला:
वर मच्छर फार आहेत.