फॅमिलीसाठी सेव्हन सीटर घ्यायचीये, एर्टिगा की कॅरेन्स? वापर चोपडा-जळगाव, शेत, वणी, सुरत

तापीकाठ_चोपडा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. सगळं एकदाच लिहून टाकतो म्हणजे परत परत विचारायला नको. सध्या घरी हॅचबॅक आहे, चांगली चालते, पण आता घरात माणसं वाढली. मी, बायको, दोन पोरं (मोठा चौथीत, धाकटी तीन वर्षांची), आई आणि आप्पा. सहा तर कायमचे, आणि लग्नकार्य असो की वणीला जायचं असो, बहीण नाहीतर काकू सोबत असतेच. दोन गाड्या काढायच्या म्हटलं की अर्धं घर एकीकडे अर्धं एकीकडे, आप्पांना ते अजिबात आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही आवडत.

वापर असा आहे की आठवड्यातून दोनतीनदा जळगाव, अधूनमधून शेत, आणि मोठा भाऊ सुरतला असतो म्हणून सणावाराला तिकडे. शेताकडचा शेवटचा रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यात नुसता गारा म्हणजे चिखल असतो. महिन्याला हजार किलोमीटरच्या आसपास धरा. आईचे गुडघे दुखतात, उंच पायरी चढता येत नाही, आणि फार खाली बसलं की उठता येत नाही, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. बजेट सोळा लाख ऑन रोड, फार ताणलं तर सतरा.

डोक्यात मारुतीची एर्टिगा (सीएनजी की पेट्रोल ते ठरत नाही), मारुतीचीच एक्सएल६ आणि कियाची कॅरेन्स डिझेल आहे. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस बघितली, बसल्यावर उतरावंसंच वाटेना, पण हायब्रिड पंचवीस लाखांच्या पुढे जाते, तो विषय बंद. चुलतभाऊ म्हणतो सरळ एक्सयूव्ही७०० नाहीतर सफारी घे, भक्कम गाडी पाहिजे. शोरूमला गेलो तर एकाने गावातल्या गावात एक चक्कर मारून आणली, पुढे तो आणि मी, मागे कोणीच नाही, एसी फुल, आणि विचारतो कशी वाटली. त्यातून काय कळणार?

मला स्क्रीन, सनरूफ वगैरेचं काही पडलेलं नाही. मे महिन्यात भर दुपारी सात माणसं घेऊन निघालो तर मागच्याला त्रास होऊ नये आणि घाटात गाडीचा जीव जाऊ नये, एवढंच पाहिजे. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा.

धुळे_सुरत_अपडाऊन

राम राम भो. गाडी लेनी शे तं घाई नको करू, पहिले सगळं घर गाडीत बसाडी दे.

माझ्याकडे कॅरेन्स डिझेल आहे आणि रस्ता तुमचाच, धुळे साक्री नवापूर सुरत. रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीत जमीन अस्मानाचा फरक असतो, हे कोंडाईबारी घाटात बरोबर कळतं. पुढे ऊसाचा नाहीतर सिमेंटचा ट्रक रांगत असतो, तुम्ही तिसऱ्या गिअरवर, स्पीड तीसच्या खाली, एसी चालू, आणि ओव्हरटेकला जागा मिळते ती जेमतेम. तिथे डिझेलचा २५० एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कामाला येतो, कारण तो १५०० आरपीएमपासूनच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, नुसता पाय दाबला की गाडी उचलते. एर्टिगा आणि एक्सएल६ चं इंजिन एकच, दीड लिटरचं पेट्रोल, १०३ पीएस, टॉर्क १३७ च्या आसपास आणि तोही ४४०० आरपीएमला. म्हणजे सात माणसं असली तर सेकंड टाकून इंजिन ओरडवावं लागणार. गाडी चढत नाही असं नाही, चढते, पण चालवणाऱ्याने गिअर बदलायचा कंटाळा करायचा नाही. दोघं तिघं असाल तर तेच इंजिन एकदम गोड वाटतं, आणि टेस्ट ड्राइव्हला तेवढंच दाखवतात.

आता एसी. आपल्याकडे जळगाव भुसावळला मे मध्ये पंचेचाळीसच्या वर जातं, गाडी उन्हात उभी असली तर आत भट्टी असते. कॅरेन्समध्ये छतावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही रांगांना हवा येते. जुन्या एर्टिगात छतावरचे व्हेंट दुसऱ्या रांगेच्या डोक्यावर आहेत, तिसऱ्याला हवा पोचेपर्यंत वेळ लागतो, आणि दुसऱ्या रांगेतल्याने आपल्या तोंडावर वळवून घेतली की मागचा बसला घाम पुसत. नवीन मॉडेल बघत असाल तर तिसऱ्या रांगेत स्वतः बसून हात लावून बघा, ब्रोशरवर जाऊ नका.

तिसऱ्या रांगेचं अजून एक. लोक पाय मावतात का तेवढंच बघतात. खरी अडचण मांडीची असते. मागे फ्लोअर उंच आणि सीट खाली, म्हणून गुडघे वर येतात आणि मांडी सीटवर टेकतच नाही, सगळं वजन कमरेवर. धुळ्याहून सुरतला जाईपर्यंत मोठ्या माणसाची कंबर धरते. दुसरी रांग थोडी पुढे सरकवली आणि पाय पुढच्या सीटखाली गेले तर बरं पडतं. कॅरेन्सचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७८० मिमी, एर्टिगाचा २७४०, कागदावर फरक छोटा वाटतो पण मागे बसल्यावर जाणवतो. तरी लांबच्या प्रवासाला मागे पोरंच बसवा.

एक्सयूव्ही७०० आणि सफारी गाड्या दणकट आहेत, वाद नाही, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टला दोघींना पाच स्टार आहेत. कॅरेन्सला २०२२ ला तीन मिळाले आणि एर्टिगाचे तीनाचे २०२४ ला एक झाले, हेही डोळ्याआड करू नका. पण तुमच्या बजेटला या दोघींचे खालचे व्हेरियंट येणार, आणि तुमच्या आईला ती उंची झेपणार नाही.

रावेर_केळीबाग

दादा माझी एर्टिगा सीएनजी आहे म्हणून फक्त तेवढंच बोलतो, बाकीच्यांचं त्यांनाच माहिती.

खर्चाला तोड नाही. रावेर भुसावळ जळगाव कितीही फिरा, खिशाला लागत नाही. शोरूमवाले किलोला २६ किलोमीटरचा आकडा सांगतात, माझं एवढं पडत नाही पण पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त जातं. पण तुम्ही म्हणताय सात माणसं आणि सुरत, तिथे गाडी अडते. सिलेंडर मागे डिकीत आहे, साठ लिटरचा, म्हणजे तिसरी रांग उघडी असली तर सामानाला जागाच नाही. आणि आपल्या घरचा प्रवास तुम्हाला माहितीच आहे, जाताना बॅगा, येताना उडीद, शेंगदाणे, पापड, लोणच्याची बरणी, आमच्याकडून निघताना तर केळीचा घड असतोच. मग ते सगळं माणसांच्या पायात. मागे माझी सासू पायाखाली गव्हाची गोणी घेऊन बसली होती बिचारी, तोंडातून शब्द काढला नाही, पण मलाच बघवेना.

डिकी तशी पेट्रोल एर्टिगाची पण तिसरी रांग उभी असताना २०९ लिटर आणि कॅरेन्सची २१६, म्हणजे दोन्हीकडे दोन मध्यम बॅगा उभ्या राहतात, बास. सात माणसं आणि सातांचं सामान हे या साइजच्या कुठल्याच गाडीत होत नाही, वर कॅरिअर लावा नाहीतर सामान कमी करा.

सीएनजीवर घाटात ताकद अजून कमी होते, चढाच्या आधी पेट्रोलवर टाकायची सवय ठेवा. आणि पंपावर लाइन. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळ्यांना गाडीत बसवून लाइनीत उभं राहायचं म्हणजे पोरं रडकुंडीला येतात. रोजचा एकट्याचा वापर जास्त असेल तरच सीएनजी घ्या.

शहाद्याची_सून

दादा, वरच्या दोघांनी इंजिनाचं चांगलं सांगितलं, मी बसण्याचं सांगते कारण आमच्या घरी पण सासूबाईंच्या गुडघ्यांचाच प्रश्न होता आणि त्याच कारणाने आमची गाडी ठरली.

आईंना शोरूमला घेऊन जा. घरून फोटो दाखवून नाही, प्रत्यक्ष. आमच्या आई नववारी नेसतात. त्या आधी पाठ गाडीकडे करून सीटच्या कडेवर टेकतात, मग दोन्ही पाय एकदम आत घेतात. हे जमायला सीटची उंची त्यांच्या मांडीच्या बरोबर लागते, दार पूर्ण उघडावं लागतं आणि दाराखालची पट्टी रुंद नको, नाहीतर पाय उचलताना तिथेच अडकतो. एका मोठ्या एसयूव्हीत त्यांना चढताच येईना, मी आणि ह्यांनी दोन्हीकडून धरून वर घेतलं, त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की घरी येऊन म्हणाल्या तुम्ही जा फिरायला मी घरीच बरी. मी तेव्हाच ठरवलं, ज्या गाडीत आई आपल्या आपण बसतील तीच घ्यायची. एर्टिगा आणि कॅरेन्स दोन्ही त्यांना बऱ्या पडल्या. वर हाताला धरायचं हँडल आहे का ते पण बघा, म्हाताऱ्या माणसाला त्याचाच आधार.

सहा सीटर की सात सीटर याचा विचार आत्ताच करा. एक्सएल६ फक्त सहा सीटर आहे. मधल्या दोन वेगळ्या सीट ऐसपैस असतात, आईआप्पांना हात टेकायला मिळतं, आणि मधल्या वाटेने पोरं मागे जातात. पण तुमची बहीण आली की सातवी कुठे बसवणार? मांडीवर कुणाला बसवून हायवेला जाऊ नका, कळकळीने सांगते. आणि धाकटी तीन वर्षांची आहे ना, तिला चाइल्ड सीट घ्याच, ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक दुसऱ्या रांगेत असतात. एकदा ती सीट बसवली की त्या बाजूने मागच्या रांगेत जायची वाट बंद होते, कारण ती सीट दुमडता येत नाही. म्हणून चाइल्ड सीट कुठल्या बाजूला, आई कुठल्या बाजूला, मागे कोण कुठून जाणार, हे शोरूममध्येच बसवून बघा. आमच्याकडे मोठा मुलगा डिकीतून चढायचा म्हणायचा!

भुसावळ_गॅरेज

मी गाड्या विकत नाही, दुरुस्त करतो, म्हणून दोनच गोष्टी.

पहिली डिझेलची. बीएस६ (आताच्या प्रदूषण नियमाच्या) डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लाइनला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो धुरातली काजळी अडवतो आणि हायवेला गाडी तापली की ती काजळी स्वतःच जाळून टाकतो. रोज दोन-तीन किलोमीटर शाळा, बाजार, घर असंच चालवलं तर जळायला वेळच मिळत नाही, दिवा लागतो, मग लोक गॅरेजला येऊन कंपनीला शिव्या घालतात. तुमचं चोपडा-जळगाव आठवड्याला दोनतीनदा आहे, तुम्हाला हा त्रास व्हायचं कारण नाही. दहा वर्षांत डिझेल बंद होणार असं कोणी सांगत असेल तर तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडे रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं.

हिशेब करून बघा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरा, भरलेल्या गाडीला पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १८ चं ॲव्हरेज धरा, तर किलोमीटरमागे साधारण तीन रुपये वाचतात. महिन्याला हजार म्हणजे वर्षाला पस्तीस हजार. डिझेल घेताना गाडी महाग, वर आपल्याकडे रोड टॅक्स पण पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, मिळून पावणेदोन लाखांचा फरक पडला तर पाच वर्षांनी वसूल. पैशासाठी डिझेल घेऊ नका, घाट आणि सात माणसं यासाठी घ्यायचं असेल तर घ्या.

दुसरी गोष्ट टायरची, ही कोणी बघतच नाही. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावर कमी माणसांची हवा वेगळी आणि फुल लोडची हवा वेगळी लिहिलेली असते. सात माणसं घेऊन रोजच्याच हवेवर मे महिन्यात निघाले की मागचा टायर दबतो, तापतो आणि फुटतो. उन्हाळ्यात माझ्याकडे फुटलेले टायर येतात त्यातले बरेच याचेच. निघायच्या आधी गार टायरला हवा भरा, रस्त्यात तापल्यावर मोजून कमी करू नका.

शेताच्या गाऱ्याचं म्हणाल तर या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत, मागे वजन असलं की पुढची चाकं हलकी होतात आणि काळ्या मातीत जागेवर फिरतात. पाऊस झाल्यावर गाडी डांबरावरच ठेवा, शेतात मोटारसायकल न्या.

तापीकाठ_चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं तर घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, आई म्हणाली हिला माझं दुखणं बरोबर कळलं.

सीएनजी बाद केली. एक्सएल६ पण सातव्या माणसापायी बाद. आता पेट्रोल एर्टिगा आणि कॅरेन्स डिझेल राहिल्या. रविवारी दुपारी दोनला सगळ्या घराला घेऊन जातोय, शोरूमला आधीच फोन करून सांगितलं की गाडी उन्हात उभी ठेवा आणि टेस्ट ड्राइव्ह हायवेवर पाहिजे, सगळे बसणार. तो आधी नाही म्हणत होता, मी म्हटलं मग दुसरीकडे बघतो, तेव्हा तयार झाला. मी स्वतः जाताना मागच्या रांगेत बसणार आणि येताना चालवणार.

भुसावळवाले भाऊ, बुक केल्यावर डिलिव्हरीच्या आधी काय बघायचं?

भुसावळ_गॅरेज

पासिंगच्या आधी यार्डात जाऊन बघा, नंबर पडल्यावर कोणी ऐकत नाही. चारही टायर आणि स्टेपनीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही जवळपासचे पाहिजेत. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते प्लेटवर बघा, जुना स्टॉक असेल तर तेवढा डिस्काउंट मागा. सगळ्या सीट दुमडून उघडून बघा, मागचे सगळे बेल्ट ओढून बघा, एसी मागच्या रांगेत बसून बघा. दिवसा उजेडी जा, संध्याकाळी रंगावरचे ओरखडे दिसत नाहीत. गाडी धुऊन ओली ठेवली असेल तर वाळेपर्यंत थांबा.