रात्री जागून पुस्तक संपवणं ही काय चूक आहे का?

दीडवाजला | रविवार, सकाळी ११:१०

बुधवारी रात्री साडेदहाला "एकच प्रकरण वाचतो" म्हणून 'मृत्युंजय' उघडलं. पहिल्यांदा वाचत होतो असंही नाही, ही चौथी खेप. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: शिवाजी सावंतांची १९६७ सालची कादंबरी, कर्णाची गोष्ट, आणि ती कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे सगळे आळीपाळीने सांगतात. तिथेच घात होतो. एकाचं बोलून झालं की वाटतं, आता मिटावं. तेवढ्यात दुसरा बोलायला लागतो. कवचकुंडलं जाणार हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, खुद्द कर्णाला माहीत आहे. तरी तीन वाजून दहा मिनिटं झाली.

पावणेसहाचा गजर. डोंबिवलीहून ७:४२ची लोकल, उभ्यानेच डुलकी, आणि ठाण्याच्या आसपास कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीवर माझं डोकं. ऑफिसात एक मेल भलत्याच साहेबांना गेली. संध्याकाळी घरी आलो तर हिने एवढंच विचारलं, "मेला का कर्ण?"

तरी मला पश्चात्ताप नाही. आपण मुळात जागरणाची माणसं. खंडोबाचं जागरण आपलं, गोंधळ आपला, तळकोकणात दशावतार पहाटेपर्यंत चालतो. कोजागिरीचं तर नावच "कोण जागं आहे?" देवासाठी, नाटकासाठी, मसाला दुधासाठी जागलेलं चालतं, मग पुस्तकासाठी जागलो की "या वयात?" असं का ऐकावं लागतं? हातात मोबाईल असता तर कुणी विचारलंही नसतं. जागून वाचणाऱ्याने उगाच ओशाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

टिंब | ११:२४

+१. समर्थ सांगून गेलेत, "प्रसंगी अखंडित वाचीत जावे."

जुनं_पान | ११:३१

"प्रसंगी" म्हणालेत, रोज नाही. आणि त्याच समर्थांच्या दासबोधात अठराव्या दशकात 'निद्रानिरूपण' नावाचा अख्खा समास आहे. जांभया काय, चुटक्या काय, घोरणं काय, सगळी गंमत आहे. ७:४२च्या लोकलचं वर्णन म्हणूनही खपून जाईल.

पाचला_उठणारी | ११:५८

धागाकर्ते, एक साधा प्रश्न. गुरुवारी सकाळी तुमचा डबा कोणी केला?

रागावू नका, पण जागरणाचं कौतुक करणारे बहुतेक वेळा तेच असतात ज्यांची सकाळ दुसरं कोणीतरी उभी करून ठेवतं. मीही वाचते, भरपूर वाचते. माझी वेळ दुपारी दोन ते तीन. कुकर उतरलेला असतो, कामवाल्या मावशी गेलेल्या असतात, पाणी यायला अवकाश असतो. तीन वाजता पुस्तकात खूण घालते आणि उठते, मग नायिका विहिरीच्या काठावर उभी असली तरी. मला कळत नाही की पुढे काय ते? तुमच्याइतकंच कळतं. फक्त मी तुमच्यासारखी रात्री तीनपर्यंत वाचत बसले तर दुसऱ्या दिवशी मेल चुकीच्या साहेबांना जात नाही, चार माणसं उपाशी घराबाहेर पडतात.

कोजागिरीचं म्हणाल तर ती वर्षातून एकदा. आणि दूध आटवायला कोण उभं असतं तेही सांगा कधीतरी.

दीडवाजला | १२:०६

डबा हिनेच केला. भेंडी होती. मुद्दा मान्य, पण हा वाटणीचा मुद्दा झाला, वाचनाचा नाही. तीही जागून वाचणार असेल तर मी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जेवेन.

पाचला_उठणारी | १२:०९

"कँटीनमध्ये जेवेन"! "मी करेन" हे सुचलंच नाही. चालू द्या.

टिंब | १२:३०

भांडणं बाजूला ठेवा, विज्ञान आपल्या बाजूने आहे. बॉस्टनमध्ये झोपेवर एक प्रयोग झाला होता, २०१४च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १२ जणांना पाच रात्री झोपण्याआधी चारेक तास टॅब्लेटवर वाचायला दिलं आणि पाच रात्री छापील पुस्तक. टॅब्लेटवाल्या रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दबलं, झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली, सकाळी मरगळही जास्त. छापील पुस्तकाने तसं काही झालं नाही. तेव्हा कागद वाचा, बिनधास्त जागा.

वॉर्ड_सात | १:१५

टिंब, त्याच प्रयोगातली एक गोष्ट तुम्ही गाळलीत. पुस्तक असो की टॅब्लेट, दहा वाजता दिवा बंद आणि सहाला उठायचं, हे दोन्हीकडे ठरलेलं होतं. छापील पुस्तक निर्दोष ठरलं ते दहाला मिटल्यामुळे. तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत वाचणाऱ्याला त्याने कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही.

मी नर्स आहे, २२ वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत, त्यामुळे या विषयात माझी जरा घासाघीस झालेली आहे. माणूस जितका वेळ जागा, तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा घेतला की त्यातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. साचलेलं मात्र कुठेही जात नाही, चहा उतरला की उभं राहतंच. शिवाय गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त आणि स्वप्नांची झोप उत्तररात्री जास्त. तीनला झोपून पावणेसहाला उठलात तर शरीर आधी गाढ झोप उरकून घेतं, आणि स्वप्नांच्या झोपेवर गजर पडतो. दुसऱ्या दिवशी चिडचिड, विसरभोळेपणा, भलत्या साहेबांना मेल.

आम्हाला निदान जागल्याचे पैसे मिळतात. तुम्ही फुकट जागता.

जुनं_पान | २:४०

जेवून आलो. आता थोडं लांबण.

सगळे वाचकालाच झोडताय, लेखकाला कुणी काही म्हणत नाही. रात्रीची झोप उडवणं हा लिहिणाऱ्याच्या कसबाचा भाग आहे. प्रकरण संपवायचं ते दाराची कडी वाजते तिथे, दार उघडल्यावर नाही. आमच्या पिढीला हे बाबूराव अर्नाळकरांनी शिकवलं. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, झुंजार आणि काळापहाड घराघरात. लायब्ररीतून रोजच्या भाड्याने आणायची, म्हणजे आजच संपवायची, नाहीतर उद्याचं भाडं चढलं. आमचं जागरण निम्मं रहस्यापायी आणि निम्मं त्या भाड्यापायी असायचं. वडील उठलेच तर पुस्तक भूगोलाच्या आत. माझा भूगोल अजून कच्चा आहे.

त्याच्याही आधी मामला उलटा होता. ह. ना. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः यायच्या. 'पण लक्षात कोण घेतो?' तशीच आली. यमूचं पुढे काय होणार, हे तुम्हाला रात्री दोन वाजताही कळणं शक्य नव्हतं, कारण पुढचा भाग छापलेलाच नसे. त्या वाचकांना ओढ नव्हती असं कोण म्हणेल? आठवडा आठवडा जीव टांगणीला, आणि रात्री निवांत झोप. आता अख्खी कादंबरी उशाशी असते आणि थांबवणारं कोणी नसतं.

एक युक्ती सांगतो, पन्नास वर्षांच्या अनुभवाची. प्रकरणाच्या शेवटी थांबू नका. तिथे लेखक टपून बसलेला असतो. मधेच थांबा, एखादं वर्णन चाललं असेल, कोणी जेवत असेल, पाऊस पडत असेल, तिथे. पान मिटवताना हाताला काही ओढ लागत नाही.

दीडवाजला | २:५२

काका, युक्ती भारी, पण मधे थांबवणं म्हणजे गाणं अंतऱ्यात बंद करणं. मला नाही जमणार. पहिल्या वाचनाची ओढ एकदाच असते. रोज वीस-वीस पानं करून वाचलेलं पुस्तक मला आठवतही नाही, आणि एका बैठकीत वाचलेलं, त्या रात्री पंख्याचा आवाज कसा येत होता ते सुद्धा आठवतं.

वॉर्ड_सात | ३:०५

पहिल्या वाचनाची ओढ? चौथी खेप ना तुमची?

सहावीतल्याची_आई | ४:३०

मोठ्या माणसांचं काय ते तुम्ही ठरवा. मला खरंच सल्ला हवाय.

मुलगा सहावीत. रात्री दहाला त्याच्या खोलीतला दिवा मी स्वतः बंद करते. परवा बारा वाजता पाणी प्यायला उठले तर पांघरुणाच्या आत उजेड. आत हा, दिवे जातात तेव्हासाठी ठेवलेली बॅटरी मानेत धरून, घामाघूम, पुस्तक नाकाला चिकटलेलं. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "आई, थांब, ते आत्ता बोगद्यात आहेत." मला हसूही आलं आणि रागही. बॅटरी काढून घेतली. तो रडला. मग रात्रभर मलाच झोप नाही.

व्हॅन ६:४०ला येते. २०२४मध्ये शासनाने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. छान. पण पाचवीत गेलं की झोप लागत नाही का मुलांना? शाळेतून चिठ्ठी आलीय, पहिल्या तासाला पेंगतो. त्याच शाळेने जूनमध्ये पालकसभेत सांगितलं होतं, मुलं वाचत नाहीत, वाचनाची गोडी लावा. लागली गोडी. आता काय करू?

टिंब | ४:३४

बॅटरी परत द्या ताई. आजच्या काळात सहावीतला पोरगा पुस्तकापायी रडतोय, पेढे वाटा.

पाचला_उठणारी | ४:४१

पेढे वाटा म्हणणाऱ्यांनी सकाळी सहाला येऊन त्याला उठवून दाखवावं.

ताई, बॅटरी देऊ नका, पण पुस्तक हिसकावूही नका. वेळ पुढे ओढून द्या. माझ्या मुलीसाठी आम्ही रात्रीचं जेवण पावणेआठला आणलं आणि मग नऊ ते दहा तिची. पहिले पंधरा दिवस तिच्या बाबांच्या बातम्या बुडाल्या म्हणून घरात सुतक होतं. आता तेही काहीतरी घेऊन बसतात. दहाला दिवा बंद म्हणजे बंद.

दीडवाजला | ४:५५

मुलांच्या बाबतीत मी माझं मत थोडं मागे घेतो. पण सगळं नाही. ताई, महिन्यातून एक शनिवार द्या त्याला, दुसऱ्या दिवशी व्हॅन नसते. "आज कितीही वाज" असं म्हणा. बोगद्यातून बाहेर पडल्याशिवाय झोपायचं नाही, ही मजा त्याला उजेडात, बॅटरीशिवाय, एकदा मिळू दे. चोरून वाचण्याने घामोळं येतं, बाकी काही नाही.

वॉर्ड_सात | ५:१०

शनिवारचं मान्य. रविवारी मात्र बारापर्यंत लोळू देऊ नका, नाहीतर रविवारी रात्री झोप येणार नाही आणि सोमवार पुन्हा तोच.

माळशेज_पिकअप | रात्री ९:२०

उशिरा लिहितोय, दिवसा झोपेत होतो. माझं उलटं आहे. मी नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो, रात्री निघायचं, पहाटे पोचायचं. माझी रात्र म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी चार.

मार्च महिन्यात भाच्याने एक रहस्यकथा दिली. सकाळी आंघोळ करून पडलो, चार पानं वाचून झोपू म्हटलं. खोलीला काळा पडदा आहे, पण त्या दिवशी सरकवलाच नाही, वाचायला उजेड पाहिजे ना. बायको शेतावर. दीड वाजला तरी मी वाचतोच आहे. मग जेवलो, तासभर पडलो, डोळा काही लागला नाही, कारण डोक्यात तोच वाडा आणि तोच खून. रात्री गाडी भरली, आळेफाट्याला चहा मारला, निघालो.

माळशेज उतरताना झापड आली. डोळे मिटले असं मला वाटलंच नाही, तेच खरं भय. रस्ता दिसत होता असं शपथेवर सांगेन. डाव्या बाजूची चाकं खडीवर गेली, तो करकर आवाज आणि मागे क्रेट एकदम एका अंगाला सरकल्याचा धक्का, त्याने जाग आली. कठडा हातभर होता. गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो, पाय लटपटत होते म्हणून तिथेच चाकाला टेकून बसलो. वाशीला दोन तास उशीर, भाव पडलेला, शेतकऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. त्याला काय सांगणार, पुस्तक वाचत होतो म्हणून?

दीडवाजला भाऊ, तुमचं चुकतं असं म्हणत नाही. तुम्हाला लोकलमध्ये डुलकी आली, लोकल दुसरा कोणी चालवत होता. एवढंच बघा फक्त.

दीडवाजला | ९:३८

भाऊ, अंगावर काटा आला. यावर मला उत्तर नाही. सांभाळून जात जा.

टिंब | ९:४०

अवांतर: पण खून कोणी केला होता?

माळशेज_पिकअप | ९:५२

शेवटची बारा-पंधरा पानं राहिलीत. पुस्तक देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलंय, अजून उघडलं नाही. भाच्याला सांगून ठेवलंय, सांगू नको. निघतो, गाडी भरत आलीय.