उत्तर: उत्तर: जानेवारीतली माया सहल

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

गणपतीत मांडवामागे पुऱ्या तळता तळता ठरलेली माया सहल, म्हणजे मेक्सिकोकडच्या प्राचीन माया लोकांची शहरं बघायची सहल, आता कागदावर आणायची वेळ झाली. जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीला जोडून पाच दिवस. बेत असा: ह्यूस्टनहून कानकून, मग तुलुम, चिचेन इत्सा, पालेंके, आणि जमलं तर सीमा ओलांडून ग्वातेमालातलं तिकाल. आई-वडील आलेले असतील तर त्यांनाही घ्या. रविवारपर्यंत आकडा कळवा. 'रिप्लाय ऑल' कृपया जपून.

– सचिव

*

प्रेषक: बंटी (ह्यूस्टनजवळचं केटी)

सचिवसाहेब, जानेवारी का? २१ मार्चला जाऊ ना. त्या दिवशी चिचेन इत्साच्या पिरॅमिडवरून सापाची सावली उतरते. आयुष्यात एकदा बघायची गोष्ट आहे.

आणि एक सांगू? मायांची मोठी कालगणना सुरू होते ख्रिस्तपूर्व ३११४ ला. आपलं कलियुग ३१०२ ला. शिवाय नाव 'माया', आणि आपल्याकडे मयासुर, इंद्रप्रस्थाचा वास्तुविशारद. मी फक्त ठिपके ठेवतोय, रांगोळी तुम्ही काढा.

*

प्रेषक: शुगरलँडची वहिनी

आम्ही चार. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाईंना चालत नाही.

*

प्रेषक: आप्पा

बंटी, सापाची सावली मी पाहिली आहे. खरं म्हणजे सापापेक्षा टोप्या जास्त पाहिल्या. उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर दुपारी उजेड-सावलीचे त्रिकोण पडतात आणि खाली कोरलेल्या सापाच्या डोक्याला जाऊन मिळतात. सुंदरच दिसतं, पण ते त्या एकाच दिवशी होतं असं नाही, अलीकडे-पलीकडे काही दिवस दिसतं. ढग आला तर हजारो माणसं मान वर करून बसतात. त्यात मार्चमध्ये इथल्या कॉलेजांना सुट्टी, म्हणजे कानकूनला पाय ठेवायला जागा नसते. पिरॅमिड जानेवारीतही तोच असतो: चारी बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून ३६५. चढायला आता कुणालाच देत नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्या गुडघेवाल्यांची अब्रू झाकलेली राहते.

चढण्याऐवजी जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवा. दगडांतून चिवचिवाट परत येतो, क्वेत्झाल पक्ष्याच्या ओरडण्यासारखा. आमच्या हिने तीनदा वाजवली आणि चौथ्यांदा मागच्या झाडीतून वाघ गुरगुरला. घाबरू नका. तिथले फेरीवाले मातीच्या शिट्ट्या विकतात, त्यातून जग्वारचा आवाज निघतो. दिवसभर निघतो.

मयासुराचं आपण ह्या मेल-यादीवर एकदा पुरतं उरकलं आहे, तेव्हा आता फक्त आकड्यांचं. मेळ खरा असता तर तारीख जुळली असती. पत्रिकेत बारा वर्षांची चूक निघाली तर आपण स्थळ परत पाठवतो, आणि इथे म्हणे तोच पुरावा. माया लोक विसाच्या पटीत मोजायचे. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शून्याला शिंपल्याची खूण. माझी आजीही 'तीन ईसा आन् दहा' असंच मोजायची. म्हणून आजी माया होत नाही. हातापायाची बोटं वीस, एवढंच.

आता सहलीचं. सचिवसाहेब, राग मानू नका, पण ही यादी म्हणजे पाच दिवस बसच्या खिडकीतून झाडी बघण्याची तजवीज आहे. पालेंके युकातान राज्याची राजधानी मेरिदापासून पाचशे किलोमीटरांवर, वेगळ्या राज्यात. तिकाल तर वेगळ्या देशात. मी पहिल्या खेपेला असंच सगळं चार दिवसांत कोंबलं होतं. आज लक्षात काय राहिलंय, तर समोरच्या सीटच्या पाठीवरचं फाटकं कव्हर. पालेंकेला स्वतंत्र जा. तिथे पाकाल राजाच्या मंदिराच्या फरशीत एका दगडाला बुचं मारलेली भोकं दिसली म्हणून पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांनी तो उचलला. खाली निघाला दगडमातीने गच्च भरलेला जिना. तो मोकळा करायला चार हंगाम लागले आणि १९५२ मध्ये खाली राजाची कबर सापडली. चार हंगामांची जागा आपण दोन तासांत उरकायची, हे मला पटत नाही.

यादीत उश्माल हे जुनं माया शहर नाही, ही मात्र खरी चूक आहे.

पाणीखात्यात हयात गेल्यामुळे मी कुठलंही जुनं शहर बघताना आधी विचारतो, हे लोक प्यायचे काय? उत्तर युकातानात नदी नाही. ओढासुद्धा नाही. सगळा चुनखडीचा दगड, पडेल तो पाऊस गाळणीतून गेल्यासारखा खाली जातो आणि जमिनीच्या पोटातून वाहतो. जिथे वरचं छत कोसळलं तिथे ते पाणी उघडं पडलं, त्याला सेनोटे म्हणतात. 'चिचेन इत्सा' ह्या नावाचा अर्थच मुळी इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी वसलेलं गाव.

उश्मालला तेही नाही. पुक टेकड्यांत पाणी इतकं खोल की सेनोटेचा आधार नाही आणि विहीर खणणं परवडत नाही. तरी तिथे एवढं मोठं शहर उभं राहिलं, ते निव्वळ पावसाच्या पाण्यावर. युक्ती बघा. वाड्याचं अंगण फरसबंद करायचं, उतार मधल्या एका भोकाकडे द्यायचा, भोकाखाली रांजणाच्या आकाराचं टाकं खोदायचं आणि आतून चुन्याचा गिलावा करायचा. वर तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं. ह्याला चुलतून म्हणतात. एका पावसाळ्यात भरायचं आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं.

तुमच्यातल्या निम्म्यांनी राजगड, हरिश्चंद्रगड केलेत. टाक्यातलं पाणी फडक्याने गाळून प्यायला आहात. कान्हेरीला लेण्यांच्या दाराशी टाकी आहेत, तिथल्या ब्राह्मी लेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. आपला काळा पाषाण पाणी सोडत नाही, नुसतं खोदलं तरी काम भागतं. त्यांच्या चुनखडीत गिलाव्याशिवाय थेंब टिकला नसता. उश्मालमध्ये सगळे मान वर करून त्या अंडाकृती पायाच्या पिरॅमिडचे फोटो काढतात. एका बुटक्याने एका रात्रीत बांधला अशी दंतकथा आहे, म्हणजे आपल्या पांडवांची सोय तिथेही आहे. तुम्ही मात्र खाली बघत चाला, अंगणात भोकं दिसतील.

मग भिंतींकडे बघा. सोंडेसारखं नाक वळलेले मुखवटे, एकावर एक. 'चाक' नावाचा पावसाचा देव, असं तिथले वाटाडे सांगतात. उश्मालपासून वीसेक किलोमीटरांवर काबाह आहे, तिथे तर एक अख्खी भिंत ह्या मुखवट्यांची. ज्या गावात पाणी फक्त आभाळातूनच येतं, तिथे भिंतीवर दुसरं कोण असणार? (बंटी, गणपती नाही.)

– आप्पा

*

प्रेषक: केटीची काकू

अगं, तो खणाचा पदर उसवलाय तो शनिवारी येताना घेऊन ये, आणि वाटाण्याची पाकिटं दोन. पुरुषमंडळी कुठल्यातरी विहिरींवर भांडतायत, चालू दे त्यांचं.

*

प्रेषक: केटीची काकू

माफ करा, हे बहिणीला पाठवायचं होतं.

आता लिहितेच आहे तर जेवणाचं सांगते, आम्ही दोनदा मेरिदाला राहिलो आहोत. नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे 'बिनमांसाचं', म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाय नाहीतर डुक्कर, त्यामुळे चिकन घालून हसतमुखाने आणून ठेवतात. 'सिन पोयो' वेगळं म्हणा. आणि 'सिन मांतेका' विसरू नका, कारण घोटलेल्या घेवड्यात आणि तामालेत डुकराची चरबी असते, ती दिसत नाही. वहिनी, तुमच्या सासूबाईंसाठी हे तिन्ही शब्द कागदावर लिहून घ्या. तिथलं पापात्सुलेस शाकाहारी म्हणून कुणी सुचवेल, त्यात उकडलेलं अंडं असतं.

त्यांना चालेल असं म्हणजे सिकिल पाक. भोपळ्याच्या बिया भाजून वाटायच्या, त्यात भाजलेला टोमॅटो, कोथिंबीर, हाबानेरो मिरची. आपल्या जवसाच्या चटणीची मावसबहीण. टॉर्टिया मक्याचीच मागा. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवतात, मग दळतात. म्हणजे आप्पा, तुमचा चुना टाक्यातही आणि ताटातही.

थेपले न्या, पण ताजी फळं आणि कसल्या बिया विमानातून नेऊ नका. संक्रांत नुकतीच झालेली असेल, तिळाच्या वड्या मी आणीन.

*

प्रेषक: एक नवीन सभासद

नमस्कार. माझा नोकरीचा एच-वन-बी दर्जा मंजूर आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का गेल्या मेमध्ये संपला. आई-बाबा जुन्नरहून आले आहेत, त्यांच्या व्हिसाला अजून सहा वर्षं आहेत. आम्हाला जमेल का?

*

प्रेषक: शुगरलँडचा दादा

आई-बाबांचं सोपं आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीनकार्डवाल्यांनाही नाही. मात्र मेक्सिकोला जाऊन आल्याने अमेरिकेतले सहा महिने नव्याने मोजले जातील ह्या भरवशावर त्यांचं परतीचं तिकीट पुढे ढकलू नका.

तुझी गोष्ट वेगळी. शिक्का संपलेला असला तरी आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू असेल तर तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परत येण्याची नियमात सोय आहे. पण ती सोय अमेरिकेची. मेक्सिकोला चालू व्हिसाच लागतो, तेव्हा तुला त्यांच्या वकिलातीतून व्हिसा काढावा लागेल. आजच अपॉइंटमेंट बघ आणि तिकिटाआधी मंडळाच्या वकिलाला नाही, स्वतःच्या वकिलाला विचार. आणि हो, ही सोय ग्वातेमालाला लागू नाही, म्हणजे तिकाल तुझ्यापुरतं तरी बादच.

गाडीचं: दिवसाला सात डॉलर बघून हुरळू नका. मी हुरळलो होतो. खिडकीवर गेल्यावर तिथला सक्तीचा विमा निघाला, आपला अमेरिकेतला चालत नाही, आणि सात डॉलरची गाडी चाळीसच्या वर गेली. मागे रांग, पोरगं रडतंय, सही केली. बुकिंग करतानाच विम्यासकट आकडा विचारा. गावांमधून 'तोपे' नावाचे गतिरोधक आहेत, पाटी नसलेले. आपल्याला ते वेगळं शिकवायला नको.

माझं मत, मोठी व्हॅन आणि चालक घ्यावा. माया ट्रेनही आता धावते, डिसेंबर २०२३ पासून, पण पंधरा माणसं, बॅगा आणि स्टेशनहून पुढची वाहनं ही कसरत नको.

*

प्रेषक: बंटी (केटी)

ठीक आहे, मार्च सोडला. ड्रोन आणला तर चालेल का?

*

प्रेषक: आप्पा

नाही. परवाना लागतो. कॅमेऱ्याच्या तिपाईलाही.

दोन गोष्टी राहिल्या. चिचेन इत्सा रविवारी नको, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना सरकारी तिकीट माफ असतं आणि सगळा मुलूख डबे घेऊन येतो. यावंच त्यांनी, त्यांचंच आहे ते. युकातेक माया बोलणारे आजही पावणेआठ लाखांच्या आसपास आहेत. 'माया लोक कुठे नाहीसे झाले' असं गाइडला विचारू नका, तोच बहुधा माया असतो. त्याला 'बिश अ बेल' म्हणा. अर्थ 'कसं काय', पण शब्दशः 'तुझी वाट कशी आहे'.

दुसरं घड्याळ. जानेवारीत मेरिदाचं घड्याळ आणि आपलं एकच. कानकूनचं एक तास पुढे. परतीचं विमान कानकूनहून घेतलंत तर चिचेन इत्साजवळच्या वायादोलिदहून निघताना तो तास हातचा गेलेला असतो. आमच्या मागच्या ग्रुपमधली दोन कुटुंबं त्याच तासात विमान चुकली.

*

प्रेषक: सहल समिती

मंडळी, हरलो. तिकाल, पालेंके, तुलुम रद्द. नवा बेत:

शुक्रवारी थेट मेरिदा. शनिवारी उश्माल आणि काबाह, आप्पा पुढे, आम्ही खाली बघत मागे. रविवारी सकाळी मेरिदातच, मोठा रस्ता सायकलींसाठी मोकळा असतो. दुपारी इसामालमार्गे वायादोलिद. इसामालचा तो पिवळा मठ जुन्या माया चौथऱ्यावरच बांधलेला आहे. तो बांधवून घेणाऱ्या स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा यांनी १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या. आज माया पोथ्या जगात चारच उरल्या आहेत. सोमवारी आठच्या ठोक्याला चिचेन इत्साच्या दारात, उन्हाआधी आणि कानकूनच्या बसेसआधी. तिकिटं दोन असतात, एक केंद्राचं, एक राज्याचं. दोन्ही जपून ठेवा. मंगळवारी सकाळी सेनोटेत डुंबायचं (आधी शॉवर, अंगाला सनस्क्रीन नको, लाइफजॅकेट घालायचं) आणि कानकूनहून परत.

पंधरा जागा, अकरा भरल्या.

*

प्रेषक: एक नवीन सभासद

वकिलातीची अपॉइंटमेंट मिळाली, ३ तारखेची.

बाबा खरं म्हणजे येत नव्हते. 'दगडं बघायला जुन्नर काय वाईट होतं' म्हणाले. काल त्यांना आप्पांची मेल मोठ्याने वाचून दाखवली. चुलतूनपाशी आल्यावर टीव्हीचा आवाज कमी केला त्यांनी. गावच्या टाक्यातला गाळ दर उन्हाळ्यात ते आणि त्यांचे भाऊ काढायचे, घमेल्याने. आप्पांना विचार म्हणाले: तोंड एवढं लहान, तर गाळ उपसायला आत उतरायचं कोण? पोरं?

आमच्या तीन जागा धरा.