भातखंड्यांच्या स्वतःच्या बंदिशी कशा ओळखायच्या? आणि स्वरलिपीत माझं काय चुकतंय?

तापीकाठ, अमळनेर
राम राम मंडळी. विशारद या संगीत परीक्षेच्या लेखी पेपरसाठी पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा जीवनपरिचय तयार करतोय. गाइडांमध्ये नुसतं 'थोर संगीतशास्त्रकार' लिहून मोकळे होतात. त्यांनी स्वतः बंदिशीही (रागात बांधलेली गीतं) बांधल्या ना? मग त्यांनी स्वरलिपीसह छापलेल्या क्रमिक पुस्तकमालिकेतल्या त्यांच्या कोणत्या, आणि उस्तादांकडून मिळवलेल्या कोणत्या?
दुसरं म्हणजे, आमच्या क्लासात स्वरलिपीची पलुस्कर पद्धत आहे. क्रमिकमधला यमन पेटीवर काढला की यमन वाटतच नाही, आणि अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) वर जायच्या ऐवजी खाली कोसळतो.

खर्जाची तार, जळगाव
भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्रेत, म्हणजे रचनाकाराने गीतात गुंफलेल्या टोपणनावात आहे. भातखंड्यांच्या रचनांत 'चतुर' किंवा 'हररंग' ही मुद्रा येते, बहुतेकदा अंतऱ्याच्या शेवटाकडे. इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक, 'चतुर' हा ब्रजभाषेतला साधा शब्दही आहे. 'चतुर नार' असं वर्णन आलं तर ती मुद्रा नव्हे. दुसरं, नुसतं 'रंग' दिसलं म्हणून हररंग समजू नका. सदारंग, अदारंग, मनरंग हे सगळे वेगळे रचनाकार. मजकुरात 'महंमदशा' (मुघल बादशहा) असेल तर ती बंदिश अठराव्या शतकातल्या दिल्ली दरबाराकडे बोट दाखवते.
लक्षणगीतं मात्र आवर्जून बघा. थाट (रागाचा मूळ स्वरसंच), वादी-संवादी (रागातले दोन मुख्य स्वर), वर्ज्य (न लागणारे) स्वर, गायची वेळ हे सगळं गीताच्या शब्दांतच बसवलंय आणि तेही त्याच रागाच्या चालीत. यमनचं एक लक्षणगीत पाठ केलं की कल्याण थाट, वादी गंधार, संवादी निषाद, रात्रीचा पहिला प्रहर हे वेगळं घोकावं लागत नाही. रचनाकार म्हणून त्यांची खरी कमाई मला यातच दिसते, आणि उत्तरात नेमकं हेच गाळतात याचं वाईट वाटतं.

मात्रा सोळा, धुळे
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. तुम्ही भातखंडे लिपी पलुस्करांच्या डोळ्यांनी वाचताय. भातखंड्यांकडे स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक). पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं, आणि तारेसाठी वर उभी रेघ. म्हणून अंतऱ्यातला तार सा तुम्ही खर्जात लावताय.
यमनचंही तेच. भातखंड्यांकडे म वर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. तुम्ही ती तारेची खूण समजून शुद्ध म वाजवलात की यमन गेलाच. कोमल स्वराखाली ते आडवी रेघ देतात.
तालाकडेही लक्ष द्या. भातखंड्यांकडे X म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा), 0 म्हणजे खाली (जिथे टाळी द्यायची नसते). तुमच्या पद्धतीत समेला 1 आणि खालीला +. सोळा मात्रांच्या त्रितालाची बंदिश पुष्कळदा 0 च्या खणापासून छापलेली असते, म्हणजे पहिलं अक्षर नवव्या मात्रेवर. पहिला खण दिसला म्हणून तिथेच समेची टाळी दिली तर अख्खी बंदिश आठ मात्रा सरकते.
स्वरांखालची कमान म्हणजे तेवढे स्वर एका मात्रेत. स्वरांवरची कमान म्हणजे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं). कंसातला (प) एकटा नसतो, तो 'धपमप' असा घ्यायचा.
आधी पेटी बंद ठेवा. हातावर ताल धरून नुसते शब्द म्हणा, मग स्वर म्हणा, मग पेटी उघडा. आणि पेपरात दोन्ही लिप्यांच्या खुणा एकाच बंदिशीत मिसळू नका.

खर्जाची तार, जळगाव
जीवनपरिचयाचं राहिलंच. जन्म 10 ऑगस्ट 1860, वाळकेश्वर, मुंबई. 1887 ला वकिलीची पदवी. पत्नी आणि मुलगी गेल्यावर वकिली सोडून पूर्णवेळ संगीत. 1904 मध्ये दक्षिणेचा दौरा. तिथल्या 72 मेळांच्या (थाटांसारखे स्वरसंच) अभ्यासाचा धागा पुढे त्यांच्या दहा थाटांशी जोडा. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' संस्कृतात, तर 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत, गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. 1916 ची बडोद्याची परिषद आणि 1926 चं लखनौचं मॅरिस कॉलेज सोडू नका. निधन 19 सप्टेंबर 1936.
सनावळ्या आठ-दहा ओळींत उरका. उरलेली जागा थाट, लिपी आणि लक्षणगीतं यांना द्या. थाटाची मर्यादाही लिहा. भूप आणि देशकाराचे स्वर तेच, पण भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलात. कारण चलन (राग पुढे नेण्याची रीत) वेगळं: भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. नुसत्या स्वरांवरून थाट ठरत नाही, हे या जोडीइतकं सोपं कुठेच दिसत नाही.

तापीकाठ, अमळनेर
ताई, उभ्या रेघेचंच होतं. तीव्र म लावला आणि यमन जागेवर आला, अंतराही वर गेला. पण पानावर पहिला खण 0 चाच आहे आणि मी तिथेच टाळी देत होतो. आता शब्दांपासून परत सुरू करतो.